बारा नंबरचा बादशहा: कोलकात्याला न विसरता आलेला मजीद

लोकलच्या गर्दीत एका कानात इअरफोन घालून ऐकणारे, जेवण झाल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या ऐकणारे, आणि ऐकण्याऐवजी हा लेखी मजकूर वाचणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय फुटबॉल आहे. फुटबॉल आवडत नसेल तरी थांबा, कारण यात ऑफसाइडचा नियम समजून घ्यावा लागणार नाही. गोष्ट आठवणीची आहे.

सुरुवात करू विमानतळापासून. ऑगस्ट २०१९. कोलकात्याचं दमदम विमानतळ. वेळ मध्यरात्रीनंतरची, म्हणजे ज्या वेळी माणूस फार तर सख्ख्या भावाला आणायला विमानतळावर जातो. आणि तिथे तुफान गर्दी. लाल-पिवळे झेंडे, घोषणा, मोबाइल वर धरून उभी असलेली पोरं. तुम्हाला वाटेल एखादा हिंदी सिनेमाचा हिरो येतोय, नाहीतर क्रिकेट टीम. दारातून बाहेर आला तो साठी ओलांडलेला एक इराणी माणूस. थकलेला, थोडासा गोंधळलेला. त्याला धड चालताही येईना, इतकी माणसं अंगावर आली.

त्याचं नाव मजीद बिश्कर. बंगाली लोक त्याला ‘मोजिद बास्कर’ म्हणतात. चाळीस वर्षं तसंच म्हणत आलेत, त्यामुळे आता दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

आता गंमत बघा. या माणसानं कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून फुटबॉल खेळला तो १९८० च्या आसपास, आणि तोही थोडेच हंगाम. विमानतळावर नाचणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्याचा खेळ त्यांनी पाहिलेला नाही आणि पाहायचा म्हटला तरी पाहता येत नाही. यूट्यूबवर शोधा, हाताला फारसं काही लागत नाही. मग एवढी गर्दी कशासाठी? बापानं सांगितलं म्हणून, काकानं सांगितलं म्हणून, पाड्यातल्या चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून.

ही ‘सांगितलेली’ आठवण कशी तयार झाली, तेच आज बघू. आणि जाता जाता एक अवघड प्रश्नही येणार आहे. ज्या गर्दीनं त्याला बादशहा केलं, तीच गर्दी तो कोसळत होता तेव्हा कुठे होती?

नदीकाठचं गाव

मजीद खोर्रमशहरचा. इराणच्या नकाशात खाली डावीकडे बघा, इराकच्या सीमेला चिकटून. कारून नदी जिथे शत्त-अल-अरबला मिळते तिथलं हे बंदर. शेजारी अबादान. अबादान म्हणजे तेलशुद्धीकरण कारखाना, एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी एक. तेलाबरोबर इंग्रज आले आणि इंग्रजांबरोबर फुटबॉल आला. आपल्याकडे कसं, गिरण्या, रेल्वे, पलटणी जिथे होत्या तिथे खेळ रुजले, तसंच. त्या भागातले लोक आजही फुशारकीनं अबादानला इराणचं ब्राझील म्हणतात. तिथल्या टीमची जर्सीसुद्धा ब्राझीलसारखी पिवळी. उकाडा, मजुरांच्या वस्त्या, नदी, आणि संध्याकाळी मोकळ्या जागेत बॉल. या मातीतला हा पोरगा.

१९७८ साली इराण पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र ठरला. स्पर्धा अर्जेंटिनात होती. नेदरलँड्सनं इराणला ३-० हरवलं, स्कॉटलंडशी १-१ अशी बरोबरी झाली (ही त्या स्पर्धेतली मोठी खळबळ होती), आणि पेरूनं ४-१ हरवलं. त्या २२ जणांच्या संघात मजीदचं नाव होतं. मैदानात उतरायची संधी मिळाली नाही, पण नाव होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. भारतात तोवर वर्ल्ड कपच्या संघातला माणूस क्लबसाठी खेळायला येणं ही कल्पनाच कुणी केली नव्हती.

आणि मग इराण उलटापालटा झाला. १९७८ मध्येच शहाविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं, १९७९ च्या सुरुवातीला शहा देश सोडून गेला आणि क्रांती झाली. त्या सगळ्या काळात खूप इराणी मुलं शिकायला भारतात यायची. पुण्यातल्या जुन्या लोकांना विचारा, सत्तरच्या दशकात पुण्याच्या कॉलेजांमध्ये किती इराणी विद्यार्थी होते ते सांगतील. मजीद मात्र गेला अलिगढ मुस्लिम विद्यापीठात. त्याच्यासोबत आणखी दोन इराणी फुटबॉलपटू होते, जमशेद नासिरी आणि महमूद खबाजी. तिघं विद्यापीठाच्या संघातून खेळायचे. वर्ल्ड कपच्या संघातला खेळाडू कॉलेजच्या टीममध्ये! समोरच्या टीमची काय हालत होत असेल, विचार करा.

कोलकात्याच्या क्लबांचे लोक चांगल्या खेळाडूच्या शोधात देशभर फिरायचे. ही खबर त्यांच्या कानावर गेलीच.

उखडलेल्यांचा क्लब

आता ईस्ट बंगाल म्हणजे काय, हे दोन मिनिटांत समजून घेऊ. कारण त्याशिवाय मजीद कळणार नाही.

क्लबची स्थापना १९२० ची. पूर्व बंगालातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, कोलकात्यात आलेल्या लोकांना शहरात दुय्यम वागणूक मिळते, ही त्यामागची खदखद. १९४७ ला फाळणी झाली आणि लाखो माणसं घरदार सोडून सीमेच्या अलीकडे आली. सियालदह स्टेशनच्या फलाटांवर संसार मांडले गेले. दक्षिण कोलकात्यात रेफ्युजी कॉलन्या उभ्या राहिल्या. या माणसांकडे जमीन नव्हती, ओळख नव्हती, बोली वेगळी म्हणून चेष्टा व्हायची. पण शनिवारी मैदानावर त्यांची एक टीम होती, जी जिंकायची. लाल आणि सोनेरी रंग, चिन्ह मशाल. जिंकलं की घरी इलिश माछ शिजायचा. समोर मोहन बागान, म्हणजे जुन्या, मुळच्या कोलकातेकरांचा क्लब. ते जिंकले की कोळंबी.

मुंबईत कोकणातून आलेल्या माणसाला गावच्या मंडळाची जी ओढ असते ना, तिला शंभरनं गुणा. कारण कोकणातला माणूस गणपतीला गावी जाऊ शकतो. यांना परत जायला गावच उरलं नव्हतं.

सत्तरचं दशक या क्लबसाठी सोन्याचं होतं. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षं कलकत्ता लीग जिंकली. १९७५ च्या आयएफए शील्डच्या फायनलमध्ये मोहन बागानला ५-० नं धुतलं. हा आकडा ईस्ट बंगालच्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. पण दशक संपता संपता चक्र फिरलं.

कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये एक भानगड असायची, दलबदल. आपल्याकडे राजकारणात पक्षांतर म्हणतात, तेच. हंगाम सुरू व्हायच्या आधी ठरावीक दिवसांत खेळाडूंनी फुटबॉल संघटनेच्या कचेरीत जाऊन यंदा कुठल्या क्लबकडून खेळणार, त्यावर सही करायची. त्या दिवसांत खेळाडूंना लपवून ठेवणं, दुसऱ्या क्लबच्या माणसांना त्यांच्यापर्यंत पोचू न देणं, ऐनवेळी पळवणं, सगळं चालायचं. आमदारांना रिसॉर्टवर नेऊन ठेवतात ते आपण आत्ता बघितलं. कोलकात्याच्या फुटबॉलवाल्यांनी ते कधीच करून झालं होतं.

१९८० च्या दलबदलात ईस्ट बंगालवर वीज कोसळली. बहुतेक महत्त्वाचे खेळाडू एकदम क्लब सोडून गेले, त्यातले बरेच मोहम्मेडन स्पोर्टिंगकडे. टीमच उरली नाही म्हणा ना. कोच म्हणून पी. के. बॅनर्जी आले होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कॅप्टन, १९६२ च्या एशियाडमधल्या सुवर्णपदकाच्या टीममधले. पण कोच कितीही मोठा असला तरी मैदानात अकरा माणसं लागतात.

अशा वेळी अलिगढहून तीन इराणी आले.

‘याला बघ!’

मजीदला जर्सी मिळाली बारा नंबरची. आज बारा नंबर म्हटलं की ईस्ट बंगालच्या माणसाला दुसरं नाव आठवत नाही.

तो खेळायचा मधल्या फळीत, पुढच्या खेळाडूंच्या जरा मागे. तो नेमका काय करायचा हे सांगणं अवघड आहे, कारण व्हिडिओ नाही. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या सांगण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे बॉल पायाशी आला की त्याला घाई नसायची. समोरचा माणूस हलेपर्यंत तो थांबायचा, आणि तो हलला की त्याच्या उलट्या बाजूनं निघायचा. दुसरं, पास. जमशेद कुठे आहे हे बघायची त्याला गरज नसायची. जमशेद जिथे पोचणार आहे तिथे बॉल आधीच जायचा. तिसरं, लांबून मारलेला शॉट. आणि चौथं, जे सगळे जण शेवटी आणि आवाज खाली आणून सांगतात: तो खेळताना बघणं सुंदर होतं.

त्या काळी भारतीय फुटबॉल दमसासाचा आणि धडकेचा होता. पावसाळ्यात कोलकात्याच्या मैदानाचा चिखल व्हायचा. त्या चिखलात शांतपणे खेळणारा, मान वर ठेवून धावणारा माणूस लोकांनी याआधी फार पाहिलेला नव्हता. परदेशी खेळाडू क्लबला अगदी नवे नव्हते. चाळीसच्या दशकात महायुद्धामुळे ब्रह्मदेशातून निघून आलेला फ्रेड पग्सली ईस्ट बंगालकडून खेळला होता. पण वर्ल्ड कपच्या संघातून थेट इथे, असं पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हा देशात राष्ट्रीय लीग नव्हती, ती सुरू झाली १९९६ ला. मान होता तो कलकत्ता लीगला आणि फेडरेशन कप, आयएफए शील्ड, ड्युरँड, रोव्हर्स अशा स्पर्धांना. जी टीम मोडली म्हणून लोक हळहळत होते, त्या टीमनं १९८० च्या फेडरेशन कपची फायनल गाठली. समोर मोहन बागान. १-१ अशी बरोबरी आणि दोघांना मिळून विजेतेपद.

त्याच वर्षी रोव्हर्स कपसाठी ही टीम आपल्या मुंबईत होती, कूपरेजवर. मंत्रालयाच्या बाजूनं चालत गेलात तर आजही ते मैदान दिसतं. तेव्हा मुंबईत मफतलाल, टाटा, ऑर्के अशा कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या टीम होत्या आणि रोव्हर्स कप ही शहरातली मोठी घटना असायची. १८९१ पासूनची स्पर्धा होती ती. १९८० च्या फायनलला ईस्ट बंगालसमोर कोण? मोहम्मेडन स्पोर्टिंग. म्हणजे ज्या क्लबानं त्यांची माणसं नेली, तोच! तिथेही विजेतेपद वाटून घेतलं. आज रोव्हर्स कप राहिलेला नाही, या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. त्या गर्दीतले जे कुणी आहेत ते आता आजोबा झालेत. तुमच्या घरात एखादे आजोबा किंवा काका कूपरेजला मॅच बघायला जायचे असतील तर आज जेवताना विचारून बघा. बारा नंबरचा एक इराणी आठवतो का म्हणावं.

दोन तारखा

१९८० सालच्या दोन तारखा मात्र आनंदाच्या नाहीत.

पहिली, १६ ऑगस्ट. ईडन गार्डन्सवर लीगची मॅच, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. मैदानात दोन्हीकडच्या एकेका खेळाडूला बाहेर काढलं गेलं आणि त्याची आग स्टँडमध्ये पसरली. दोन्ही क्लबचे लोक एकाच स्टँडमध्ये बसलेले. दगड, मारामारी, पळापळ, चेंगराचेंगरी. १६ माणसं मेली. मॅच ०-० सुटली, पण तो स्कोअर कुणाच्या लक्षात असणार? बंगालमध्ये त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १६ ऑगस्टला रक्तदान शिबिर होतं. मेले ते सगळे मॅच बघायला आलेले साधे लोक. सकाळी घरून डबा खाऊन निघालेले.

आठवणींबद्दल बोलताना हे सांगणं मला गरजेचं वाटतं. मजीदचा पहिला हंगाम म्हणजे नुसता जल्लोष नव्हता. ज्या प्रेमानं लोक त्याच्यासाठी वेडे झाले, त्याच प्रेमाची दुसरी बाजू त्या दिवशी ईडनवर दिसली.

दुसरी तारीख, २२ सप्टेंबर. इराकनं इराणवर हल्ला केला. आणि सद्दामच्या सैन्याच्या वाटेतलं पहिलं मोठं शहर कुठलं? खोर्रमशहर. महिनाभर घराघरातून, गल्लीगल्लीतून लढाई झाली. शहर पडलं. इराणी लोक त्याला ‘खूनीनशहर’ म्हणायला लागले, रक्ताचं शहर. पुढे २४ मे १९८२ ला इराणनं ते परत घेतलं, पण तोवर घेण्यासारखं काय उरलं होतं? उद्ध्वस्त भिंती. अबादानचा तो कारखानाही जळाला होता.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. इकडे कोलकात्यात पंचविशीच्या आतबाहेरचा एक पोरगा. मैदानावर हजारो लोक त्याच्या नावानं ओरडतायत. आणि तिकडे ज्या गावात तो फुटबॉल शिकला ते गाव नकाशावरून पुसलं जातंय. तेव्हा मोबाइल नाही, व्हॉट्सॲप नाही, घरच्यांची खुशाली कळायला पत्र, नाहीतर ट्रंक कॉल. तोही लागला तर.

ईस्ट बंगालच्या गॅलरीत बसलेल्या म्हाताऱ्यांना घर हातातून जाणं म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावं लागत नव्हतं. त्यांनी ढाका, बरिशाल, मैमनसिंग सोडलं होतं. हे त्यांनी मजीदशी बोलून दाखवलं असेल असं मी म्हणत नाही. भाषेचाच प्रश्न होता. पण उखडलेल्या लोकांच्या क्लबानं एका उखडलेल्या पोराला आपलं मानलं, यात मला योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं.

उतरण

पुढची गोष्ट सांगताना कोलकात्याचे लोक गडबडतात. पटकन सांगून मोकळे होतात. आपण तसं नको करूया.

ईस्ट बंगालमधल्या काही हंगामांनंतर मजीद मोहम्मेडन स्पोर्टिंगला गेला. जमशेदही गेला. हळूहळू मजीदचा खेळ घसरायला लागला. दारू आणि नशेच्या विळख्यात तो सापडला. हे काही गुपित नाही, त्याच्याबरोबर खेळलेल्यांनी, पत्रकारांनी वारंवार सांगितलेलं आहे. सराव सुटला. मग मैदान सुटलं. एकेकाळचा बादशहा कोलकात्याच्या रस्त्यांवर वाईट अवस्थेत दिसायचा, असं लोक सांगतात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो इराणला परत गेला, आणि इथल्या लोकांच्या दृष्टीनं गायबच झाला.

‘प्रतिभावान होता, पण स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं.’ ही ओळ आपण कुणाबद्दलही किती सहज म्हणतो! क्रिकेटर, नट, गायक. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, कारण यात आपली जबाबदारी शून्य. पण जरा थांबून विचार करू.

त्या काळचा भारतीय फुटबॉलपटू काय करायचा? खेळाच्या जोरावर बँकेत, रेल्वेत, नाहीतर एखाद्या सरकारी कंपनीत नोकरी धरायचा. गुडघा गेला, फॉर्म गेला तरी महिन्याचा पगार यायचा, पुढे पेन्शन. क्लबच्या पैशावर आयुष्य काढायचे ते दिवस नव्हते. मजीद परदेशी नागरिक. त्याला ती वाट बंद. त्याच्याजवळ होते ते दोन पाय, आणि पायांना वय असतं. घरी परत जावं तर युद्ध, जे थांबलं थेट ऑगस्ट १९८८ मध्ये. त्या आठ वर्षांत त्याच्या वयाची किती इराणी मुलं आघाडीवर गेली आणि परत आली नाहीत. इथे राहावं तर खेळाशिवाय कुणी विचारत नाही. आज मोठ्या क्लबकडे खेळाडूच्या मनाची काळजी घेणारी माणसं असतात, एजंट असतात, करार असतो. तेव्हा क्लबात काम करणारे अधिकारी असायचे, आणि चाहते असायचे. चाहते जेवायला बोलवतात, पार्टीला नेतात, ग्लास भरून देतात. ‘आज खेळू नकोस, डॉक्टरकडे चल’ असं चाहता म्हणत नाही.

मी इथे मजीदची वकिली करत नाहीये. तो काही लहान मूल नव्हता. पण सगळा दोष एकाच्या माथी मारून बाकीच्यांनी हात झटकायचे, हे काही बरोबर नाही.

जमशेदचं घर

याच गोष्टीत दुसरी एक गोष्ट आहे. जमशेद नासिरीची.

तोही त्याच देशातून आला, त्याच विद्यापीठात होता, त्याच क्लबात खेळला. तो इथेच राहिला. भारतीय फुटबॉलमध्ये शंभर गोल करणारा पहिला परदेशी खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात. कोलकात्यातच संसार केला, पुढे कोचिंग केलं. जमशेद कोलकात्याचा झाला तो एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं राहून.

आणि नशिबाचा खेळ बघा. २९ जानेवारी २०२२. कोविडमुळे सगळी इंडियन सुपर लीग गोव्यात चाललेली. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, कोलकात्याची डर्बी. रिकाम्या खुर्च्या, कारण प्रेक्षकांना बंदी. ईस्ट बंगाल १-० नं पुढे. मोहन बागानकडून एक २१ वर्षांचा पोरगा बदली म्हणून मैदानात आला आणि त्यानं तीन गोल ठोकले, त्यातले दोन तर मॅच संपता संपता जादा वेळात. ३-१. त्या पोराचं नाव कियान नासिरी. जमशेदचा मुलगा!

ज्या क्लबसाठी बापानं गोल केले, त्याच क्लबवर पोरानं हॅटट्रिक केली. ईस्ट बंगालच्या लोकांना रडावं की हसावं कळेना. कियानचे ते तीन गोल तुम्ही आत्ता, या क्षणी फोनवर बघू शकता. वेगवेगळ्या कोनांतून, हळू करून, हवे तितक्या वेळा. त्याच्या वडिलांना पास देणाऱ्या माणसाचा खेळ मात्र दिसत नाही.

परत एकदा बारा नंबर

२०१९ ला ईस्ट बंगालची शताब्दी सुरू झाली. शंभर वर्षांच्या क्लबला सोहळ्यासाठी बोलवायला नावांची कमी नव्हती. पण लोकांचं एकच मागणं होतं, मजीदला आणा. आणि तीसेक वर्षांनंतर तो आला. ती मध्यरात्रीची गर्दी आपण सुरुवातीला पाहिलीच. पुढचे काही दिवस सत्कार झाले, जुने सोबती भेटले, बारा नंबरची जर्सी पुन्हा हातात आली.

मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. लोकांनी त्याला ‘का बरं असं केलंस’ हे विचारायला बोलावलं नव्हतं. हिशेब मागायला बोलावलं नव्हतं. उशीर झाला होता, फार उशीर झाला होता. पण ज्या शहरातून तो मान खाली घालून गेला, त्याच शहरात तो मान वर करून फिरला. ऐंशीच्या दशकात जे करायला हवं होतं ते न केल्याची थोडीशी भरपाई, असंही त्या गर्दीकडे बघता येतं. पूर्ण फिटत नाही असलं देणं. पण निदान देणं आहे हे मान्य करणं, हेही काही कमी नाही.

आता आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे. न पाहिलेल्या खेळाडूवर पोरं इतकं प्रेम कसं करतात?

मला वाटतं, व्हिडिओ नाही हेच त्याचं एक कारण आहे. व्हिडिओ असला की माणूस एकटा बघतो, अंगठ्यानं वर ढकलतो आणि पुढे जातो. व्हिडिओ नसला की विचारावं लागतं. कुणीतरी सांगावं लागतं. बापाला उठून, समोरची खुर्ची सरकवून, ‘असा आला, असा थांबला, आणि मग असा...’ म्हणत पायानं दाखवावं लागतं. त्या दाखवण्यात मजीद थोडा असतो, आणि बापाची पंचविशी बरीच असते. रेफ्युजी कॉलनीतली संध्याकाळ असते, रेडिओवरची कॉमेंटरी असते, जिंकल्यावर शिजलेला इलिश असतो. ते सगळं मिळून पोराला मिळतं. दर वेळी सांगताना बॉल दोन फूट जास्त लांबून मारलेला असतो, हे खरं. असू दे की.

पण एक पथ्य पाळू. आठवण सांगताना फक्त गोल सांगू नका. १६ ऑगस्टची ती १६ माणसंही सांगा. खोर्रमशहरही सांगा. बादशहा कोसळला तेव्हा आजूबाजूला कोण होतं आणि कोण नव्हतं, तेही सांगा. नाहीतर ती आठवण उरत नाही, नुसती जाहिरात उरते.

आज तुमच्या आवडीचा एखादा खेळाडू असेल. दोन मॅच वाईट गेल्या की त्याच्या फोटोखाली काय काय लिहिलं जातं, ते तुम्ही बघताच. कदाचित तुम्हीही लिहीत असाल. चाळीस वर्षांनी तुम्ही त्याच्याबद्दल पोराबाळांना काय सांगणार आहात, त्याचा विचार करून मग टाइप करा, एवढंच म्हणणं आहे.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावच्या, तालमीच्या, कॉलेजच्या मैदानावरचा असा एखादा खेळाडू असेल, ज्याचा एकही व्हिडिओ नाही पण ज्याचं नाव निघालं की म्हातारे उठून उभे राहतात, मग तो कोल्हापूरच्या पेठेतला असो, गोव्याच्या एखाद्या वाड्यातला असो की नागपूरच्या मोहल्ल्यातला, तर घरच्या मोठ्या माणसाला बोलतं करा आणि फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून ठेवा. खेळ गेला तो गेला. सांगणारे अजून आहेत.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.